अभिजात नाटक की आधुनिक कादंबरी? वाचनालयाची व्याख्यानमाला ठरवताना

नागपुरातल्या वाचनालयात मालेची सुरुवात नाटकाने करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. श्रोत्याने नाटक वाचलेलं नसलं तरी चालतं. नव्वद मिनिटांत पंधरा मिनिटं एका प्रवेशाचं वाचन ठेवलं की संहिता सगळ्यांसमोर येते. चार वाचक, दोन माइक आणि आधी दोन तालमी पुरतात. तालीम टाळली की वाचक एकमेकांच्या वाक्यांवर चढतात आणि मागच्या रांगेला काहीच कळत नाही. देवलांचं ‘संगीत शारदा’ (१८९९) स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’च्या जाहीर वाचनाला मात्र परवानगी लागते, ती महिनाभर आधी मागावी. त्यातल्या धरणगावकर देशपांड्यांची वैदर्भी बोली इथल्या कानांना थेट भिडते, म्हणून हा खटाटोप जरूर करावा.

कादंबरीचं गणित वेगळं. ‘कोसला’सारखं पुस्तक न वाचता आलेल्याला व्याख्यान अर्धंच पोचतं. म्हणून सहा-आठ प्रती राखून ठेवा, आठवड्याच्या मुदतीने फिरवा आणि विषय दीड महिना आधी जाहीर करा. प्रती कमी पडल्या तर चर्चा चार जणांतच फिरते. पण वाचून आलेले वीस जण जमले, तर इतकी रंगलेली चर्चा नाटकाच्या व्याख्यानानंतर क्वचितच होते.

एप्रिल-मेमध्ये दोन्ही टाळा. घ्यायचंच असेल तर संध्याकाळी सातनंतर. तोवर सभागृहाच्या भिंती तापलेल्याच असतात.