नाथसागराच्या काठावरची चित्रकार्यशाळा

ऑस्ट्रेलियातील आदिवासींची चित्रे म्हटली, की आपल्याकडे ठिपक्यांची नक्षी तेवढी डोळ्यांपुढे येते. पैठणजवळ नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी एका खासगी कलासंस्थेने घेतलेल्या सशुल्क कार्यशाळेची जमेची बाजू ही, की पहिल्याच सत्रात हा समज मोडीत निघाला. मार्गदर्शकांनी सुरुवात केली ती न्यू साउथ वेल्समधील विल्कॅनियाचे बार्कंजी चित्रकार बॅजर बेट्स यांच्या लिनोछापांपासून, म्हणजे लिनोलियमवर कोरून शाईने उमटवलेल्या चित्रांपासून. बार्कंजी लोक डार्लिंग नदीला बार्का म्हणतात. बेट्स यांच्या छापांत तिचे पाणी, मासे आणि पाण्यात वसणारे पूर्वजरूप सर्प एकमेकांत असे गुंफलेले असतात, की नदी आणि माणसांचे कूळ वेगळे काढता येत नाही. वरच्या खोऱ्यात कापसासारख्या पिकांसाठी होणारा उपसा आणि दुष्काळ यांनी ही नदी रोडावली आणि २०१८-१९ च्या उन्हाळ्यात मेनिंडी येथे लाखो मासे मेले, हे ऐकताना सभागृहात नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांविषयी कुजबुज सुरू झाली. ती दडपण्याऐवजी मार्गदर्शकांनी चर्चेला वाट करून दिली, हे विशेष.

दुपारचे सत्र सर्वांत कसदार ठरले. भोई समाजातील एका ज्येष्ठ मासेमाराने जमिनीवर खडूने गोदावरीचे जुने पात्र काढले: १९७६ मध्ये जायकवाडीचे लोकार्पण झाले त्याआधीचे डोह, पाण्याखाली गेलेली गावे, पाणी ओसरल्यावर गाळपेर होणाऱ्या जमिनी. प्रत्येक खुणेमागे त्यांच्या घरातला कोणीतरी होता. सहभागींनी त्यावरून कोरलेले लिनोछाप कच्चे असले, तरी त्यांत घाट आणि सूर्यास्ताची ठरावीक चित्रे नव्हती.

समारोपाच्या सत्राने मात्र निराशा केली. ऑस्ट्रेलियातील अनेक आकृतिबंध विशिष्ट कुळांच्या मालकीचे असून ते परवानगीवाचून चितारता येत नाहीत, असे सकाळी बजावणाऱ्यांनीच संध्याकाळी मुलांच्या हाती कानकोरणीच्या काड्या देऊन कासव आणि कांगारूंवर ठिपके काढून घेतले. पालकांना घरी नेण्यासाठी काहीतरी रंगीत हवे असते, हे समजू शकते; पण त्यासाठी मासेमाराच्या खडूच्या नकाशाला रंग देता आला असता.

जेवण साधे आणि उत्तम होते. कोरण्या बोथट होत्या आणि शाईचा रोलर आठ-दहा जणांत एकच असल्याने छापे घेताना बराच वेळ गेला, त्यामुळे शुल्क थोडे जास्त वाटले. शालेय चित्रकला शिक्षकांनी अवश्य जावे, शक्य तर स्वतःच्या कोरण्या घेऊन, आणि नावनोंदणीआधी मासेमारांचे सत्र त्या तुकडीत आहे ना, याची खात्री करून घ्यावी.