बाबांच्या ल्युअरची पेटी: चपडा, जवसाचं तेल की पीयू?

बाबांचे ल्युअर, म्हणजे मासे पकडायची नकली आमिषं, ठेवायला नागपूरच्या लकडगंज लाकूडबाजारातून आणलेल्या सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांची पेटी जुळवली, की खरा घोळ सुरू होतो तो पॉलिशचा. माझी पहिली पेटी मी हौसेने जवसाच्या तेलाने चोपडली, आतूनबाहेरून. ओळखीचे मिस्त्री बघून म्हणाले होते, "काहून तेल पाजून राहिले भाऊ त्या डब्ब्याले?" मी ऐकलं नाही. चार महिन्यांनी झाकण उघडलं तर खवट वासाचा भपकारा, पितळी चमचे (चमच्याच्या आकाराचे ल्युअर) काळवंडलेले आणि शिशाच्या वजनांवर पिठासारखी पांढरी भुकटी. ज्या चमच्यावर बाबांनी खिंडसी तलावावर मरळ मासा काढला होता, त्याच्या तीन आकड्यांच्या गळाला गंज धरला होता. तेव्हापासून माझा हिशेब सरळ आहे: बाहेरचं पॉलिश डोळ्यांसाठी, आतलं ल्युअरसाठी. दोन्हीचा निर्णय वेगवेगळा घ्यायचा.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, आणि तसं होताना आंबट वाफा सोडतं. उघड्यावर त्या विरून जातात, बंद पेटीत मात्र धातूवर जाऊन बसतात. शिशावरची पांढरी भुकटी ही त्यांचीच करणी. ती विषारी असते, फुंकर मारून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. बाहेरच्या बाजूला मात्र तेलासारखी शोभा दुसऱ्या कशाला नाही. सागाच्या रेषा अशा उठतात की लाकूड ओलं वाटावं. चिंधीने पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. पुसायचा कंटाळा केलात तर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, बॉईल्ड साधारण एका दिवसात वाळतं. आणि हे विसरू नका: तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतल्या आत तापून तो आपोआप पेटू शकतो. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. चिंध्या पाण्यात बुडवा, नाहीतर एकेक पसरून वाळवा.

चपडा हा आपल्या पळस-कुसुमावरच्या लाखेचाच. एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवायचा, मलमलीतून गाळायचा आणि कापसाच्या पोटलीने हात फिरवायचा. अर्ध्या तासात पुढचा हात देता येतो. स्पिरिट उडून गेलं की वास संपला, आणि आतल्या बाजूसाठी तेच तर हवं. एकच खबरदारी: विरघळवलेला चपडा बाटलीत फार टिकत नाही. काचेवर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशीही चिकट असेल तर फेकून द्या. दोष? पाण्याचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, भर पावसाळ्यात लावला तर थर धुरकटतो, आणि उन्हात उभ्या गाडीत पेटी राहिली तर मऊ पडतो. पण ओरखडा आला तर त्याच पोटलीने दहा मिनिटांत दुरुस्ती, सगळं खरवडायची गरज नाही.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, पाण्याला आणि घासाघाशीला सगळ्यांत चिवट. पेटी तलावाच्या काठावर ओल्या गवतात ठेवायची असेल तर बाहेरून हाच. फक्त साग मुळात तेलकट, म्हणून आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर थर नीट धरत नाही. दोन भागांचा (हार्डनर मिसळून लावायचा) पीयू दमट हवेत बुडबुडे धरतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हात लावू नका. हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण पिकायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर झाकण उघडंच ठेवा. खरचटला तर मात्र डागडुजी दिसतेच.

मेलामाइनचं पॉलिश फर्निचरवाले लगेच सुचवतील. त्याचा हार्डनर आम्लाचा असतो, म्हणून पेटीच्या आत नको. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मला या कामाला पटलेलाच नाही.

माझ्यापुरता निकाल: पेटी कपाटावरच राहणार असेल तर आतबाहेर चपडा, बाहेरून वर थोडं मेण. काठावर न्यायची असेल तर बाहेर पीयू, आत चपड्याचे दोन पातळ हात. पीयू आधी लावा आणि पेटीच्या कडेला टेप चिकटवा, कारण मेण असलेल्या साध्या चपड्यावर पीयू टिकत नाही.

अस्तराला लोकरी बनात छान दिसते, पण लोकरीतल्या गंधकाने पितळ काळं पडतं. धुतलेलं सुती कापड बरं. रबरी किडे त्यांच्याच पुडीत राहू द्या, त्यांतलं तेल बाजूच्या ल्युअरचा रंग आणि पेटीचं पॉलिश दोन्ही विरघळवतं. डांबरगोळी तर अजिबात नको, जुनं प्लॅस्टिक तिच्या वाफेने मऊ पडतं.

आणि ल्युअर भरायची घाई करू नका. एक शिशाचं वजन सुरीने खरवडून चकचकीत करा आणि रिकाम्या पेटीत महिनाभर बंद ठेवा. माझ्या दुसऱ्या पेटीत ते थोडं मळकट झालं, एवढंच. पांढरं पडलं असतं तर झाकण आणखी महिनाभर उघडं ठेवलं असतं.