हातातल्या जीपीएसला कोणते सेल घालावेत: अल्कलाइन, लिथियम की चार्ज होणारे?

"कंपनी 25 तास सांगते आणि माझं यंत्र दुपारच्या जेवणालाच मान टाकतं." जीपीएस घेऊन सह्याद्रीत भटकणाऱ्यांकडून ही तक्रार कधी ना कधी ऐकू येतेच. तिच्या मागोमाग ठरलेला प्रश्न येतो: मग सेल कुठले घालू? मी दोन पेन्सिल सेलवर (एए आकाराच्या) चालणारं यंत्र डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, म्हणजे गार्मिनच्या ईट्रेक्ससारखं काहीतरी. तिन्ही जातींचे सेल मी आलटूनपालटून वापरले आहेत. कुठलीही प्रयोगशाळेतली मोजणी केलेली नाही, त्यामुळे माझं म्हणणं एका भटक्याचा अनुभव म्हणूनच घ्यावं.

सेलकडे वळण्याआधी एक साधा हिशेब. 2000 मिलिअँपिअर-तासांच्या (ही सेलची क्षमता) सेलवर 25 तास चालायचं तर यंत्रानं सरासरी 80 मिलिअँपिअर खायला हवेत. ही भूक काही फार नाही. एवढ्या कामाला बरे सेल कुठल्याही जातीचे असोत, सकाळी पायथा सोडल्यापासून संध्याकाळी परत गाडीत बसेपर्यंत पुरतात. ताजे, चांगले सेल घालूनही यंत्र चार-पाच तासांत बंद पडत असेल, तर सेलची जात बदलून फारसा फरक पडणार नाही. यंत्रातलं काहीतरी जास्त खातं आहे, किंवा सेल आणि यंत्र यांच्यात कुठेतरी अडतं आहे.

जास्त खाणाऱ्यांत पहिला नंबर बॅकलाइटचा. या यंत्रांचे पडदे उन्हात त्याच्या मदतीशिवाय छान दिसतात, तरी बॅकलाइट कायम चालू ठेवणारे बरेच भेटतात. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, जीपीएसच्या जोडीला चालू ठेवलेले ग्लोनाससारखे इतर उपग्रह, आणि विनाकारण चालू राहिलेलं ब्लूटूथ. ही यादी कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. तिथे लिहिलेलं नसतं ते हे, की धुक्यात आपण स्वतःच बॅटरी खातो. जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पठारावर दहा फुटांपलीकडचं दिसेनासं झालं की दर मिनिटाला यंत्र खिशातून निघतं, पडदा उजळतो, नकाशा मोठा होतो, छोटा होतो. ऐन गरजेच्या दिवशीच सेल लवकर संपले असं वाटतं त्याचं हे एक कारण. अडणारी जागा म्हणजे सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट-पांढरी पूड धरते. खोडरबरानं घासून घेतल्या तरी फरक पडतो.

आता सेल.

आधी एक जात बाजूला काढू. पायथ्याच्या गावात किराणा दुकानात जे स्वस्त पेन्सिल सेल मिळतात ते बहुधा झिंक-कार्बनचे असतात. गंमत म्हणजे 'हेवी ड्यूटी' ही अक्षरं नेमकी त्यांच्यावरच छापलेली दिसतात. भिंतीवरच्या घड्याळाला ते उत्तम. जीपीएसमध्ये घातले तर पहिली खिंड यायच्या आत राम म्हणतात. 'नवे सेल घातले तरी टिकत नाहीत' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, सेलवर अल्कलाइन असं लिहिलं होतं का? बऱ्याचदा चौकशी तिथेच संपते.

अल्कलाइनची बाजू भक्कम आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत कुठेही मिळतात. चार्जर लागत नाही, सेटिंगला हात लावावा लागत नाही, वर्षानुवर्षं सॅकमध्ये पडून राहिले तरी तयार असतात. 80 मिलिअँपिअरच्या भुकेला ते चांगले पुरतात, हे मान्य केलंच पाहिजे. जोरात करंट ओढणाऱ्या यंत्रांत त्यांची दमछाक होते, पण साधा जीपीएस त्यांतला नाही. मोठ्या टचस्क्रीनच्या यंत्राची गोष्ट थोडी वेगळी. एक धोका मात्र आहे: यंत्रात विसरलेले अल्कलाइन सेल गळतात. आतला क्षार बाहेर येऊन स्प्रिंगा खातो. दिवाळीनंतर कपाटात गेलेला जीपीएस जूनमध्ये बाहेर काढणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

लिथियमचे, म्हणजे चार्ज न होणारे 1.5 व्होल्टचे पेन्सिल सेल, हे कागदावर तिघांत सरस. वजनाला साधारण 15 ग्रॅम, अल्कलाइनपेक्षा बरेच हलके. गळण्याची भीती नगण्य. थंडीला दाद देत नाहीत, उणे 40 अंशांपर्यंत चालतात. हा शेवटचा गुण ज्याला हवा त्याला दुसरा पर्यायच नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. पण रतनगडाच्या गुहेत जानेवारीत कितीही कुडकुडलो, तरी तिथली थंडी सेलच्या हिशेबात थंडीच नव्हे. मग जास्तीचे पैसे कशाचे मोजायचे? शिवाय दुकानात सहज मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात. त्यांचा आणखी एक स्वभाव मला खटकतो. व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे पडद्यावरची बॅटरीची खूण भरलेली दिसता दिसता अचानक रिकामी होते. यूएसबीवर चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे नवे लिथियम-आयन पेन्सिल सेल आलेत, त्यांचीही हीच तऱ्हा. आतलं सर्किट व्होल्टेज एकसारखं राखतं आणि संपलं की पाटी कोरी.

तिसरे चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे. यांची बदनामी जुनी आहे आणि अर्धी खरीही होती. पूर्वीचे सेल चार्ज करून ठेवले की महिन्याभरात आपोआप उतरत, आणि ट्रेकला निघताना अर्धे रिकामेच हाती येत. 2005 मध्ये सान्योनं एनेलूप आणले आणि हा दोष बराचसा गेला. या नव्या जातीचे सेल महिनोन् महिने पडून राहिले तरी बहुतेक चार्ज धरून ठेवतात. आता ते पॅनासॉनिकच्या नावानं मिळतात, आणि त्याच धर्तीचे इतरही आहेत. पाकिटावरचा आकडा मात्र नीट वाचावा. पेन्सिल सेलच्या आकारात निकेलची मजल 2500 ते 2700 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्याच आकारात कुणी 4000 छापलं असेल तर ते पाकीट परत ठेवून द्यावं. साध्या 2000 वाल्या सेलचं आयुष्य जास्त क्षमतेच्या सेलपेक्षा कितीतरी मोठं असतं, म्हणून मी तेच घेतो.

यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार, 'लगेच बॅटरी लो दाखवतं', ही बऱ्याचदा सेलची नसतेच. यांचं व्होल्टेज 1.2, अल्कलाइनचं 1.5. यंत्राला अल्कलाइन आहेत असंच वाटत राहिलं तर ते निकेलच्या चांगल्या, भरल्या सेललाही अर्धे संपलेले समजतं, आणि माणूस धडधाकट सेल काढून बदलतो. सिस्टमच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते, तिथे निकेल निवडलं की खूण बरीच खरं बोलू लागते. याच कारणानं एकाच ट्रेकवर दोन जातींचे सेल नेले की दर बदलीला मेनूत शिरावं लागतं. पावसात, ओल्या बोटांनी.

एवढं वाचून वाटेल की तिघांत उन्नीस-बीसचाच फरक आहे. एका दिवसाच्या ट्रेकपुरतं पाहिलं तर खरंच तेवढाच आहे. माझं पारडं झुकलं ते एका क्षुल्लक कटकटीमुळे: अर्धवट संपलेले सेल.

रविवारी रात्री घरी येतो. यंत्र आठ-दहा तास चाललेलं. आतल्या अल्कलाइन सेलमध्ये अजून अर्धा जीव आहे, कदाचित अर्ध्याहून जास्त. पुढच्या शनिवारी हेच घालून निघायचं? ते नेमके धुक्यात संपतील. टाकून द्यायचे? जिवावर येतं. मग ते खणात जातात. तिथे आधीच्या ट्रेकचे असेच चार-सहा पडलेले असतात, त्यांत हे मिसळतात, आणि कुठला किती संपला हे देवालाही सांगता येणार नाही. टीव्हीचा रिमोट आणि घड्याळं मिळून खाऊन खाऊन किती खाणार? मार्कर पेनानं तारखा घालून पाहिल्या, रबर लावून जोड्या बांधून पाहिल्या. घरच्यांनी खण उघडून 'हे सगळं काय आहे' असं विचारलं की उत्तर नसतं. शेवटी दर ट्रेकला नवी जोडी फोडायची आणि जुनी राखीव म्हणून सोबत न्यायची, असं सुरू होतं. राखीव म्हणून नेलेलं आणि भरवसा नसलेलं, म्हणजे नुसतं ओझं.

लिथियममध्ये ही कटकट कमी होत नाही, वाढते. सेल महाग, म्हणून अर्धवट जोडी टाकवतच नाही. व्होल्टेज सपाट असल्यामुळे मल्टिमीटर लावूनही किती उरलंय ते कळत नाही. अल्कलाइनचं निदान उतरत्या व्होल्टेजवरून अंदाज तरी बांधता येतो.

चार्ज होणाऱ्या सेलला हा प्रश्नच पडत नाही. किती संपले ते पाहायचं कारण नाही. ट्रेकची बस शुक्रवारी रात्री सुटते, म्हणून गुरुवारी झोपताना दोन जोड्या चार्जरवर चढवायच्या. प्रत्येक ट्रेक भरल्या सेलवर सुरू होतो आणि राखीव जोडीही भरलेली असते. माझ्या यंत्राची 'बॅटरी पुरत नाही' ही तक्रार मुळात अर्ध्या सेलवर निघाल्यामुळे होती, हे खण रिकामा झाल्यावर लक्षात आलं. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असेल. वर्षातून दोनदाच डोंगरात जाणाऱ्यानं चार्जरच्या भानगडीत पडू नये असंच मीही म्हणेन. ताजे अल्कलाइन घ्यावेत आणि परतल्यावर आठवणीनं यंत्रातून काढावेत.

मग पेन्सिल सेलच नकोत, आतल्या बॅटरीचं यंत्र घेऊ का? 2023 पासून आलेल्या यंत्रांनी हा वाद थोडा जुना करून टाकला आहे, हे खरं. गार्मिनचं जीपीएसमॅप 67 आतल्या बॅटरीवर 180 तास सांगतं. पण त्याच वर्षी आलेलं ईट्रेक्स एसई दोन पेन्सिल सेलवर 168 तास सांगतं, म्हणजे टिकण्याचं श्रेय आतल्या बॅटरीचं नाही, कमी खाणाऱ्या नव्या चिपचं आणि पडद्याचं आहे. आतली बॅटरी पाच-सात वर्षांनी म्हातारी होणारच, आणि मग ती बदलून घेण्याची यातायात. मला त्याहून जास्त खुपतं ते पावसाळ्यातलं चार्जिंग. यंत्राचं पाण्यापासूनचं संरक्षण झाकण लागलेलं असेपर्यंतच. सेल बदलताना कप्पा अर्धा मिनिट उघडा राहतो, पोंचोच्या आडोशाला ते जमतं. पॉवरबँकेची वायर मात्र तासभर खोचून ठेवावी लागते आणि सॅकमध्ये सगळंच ओलं असतं. जाता जाता एक सूचना. जीपीएसमॅप 66आय किंवा इनरीचसारख्या यंत्रांतून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रं भारतात बाळगता येत नाहीत. 2024 च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी त्यापायी अडचणीत आल्याच्या बातम्या होत्या. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला 'येताना एक घेऊन ये' सांगण्याआधी मॉडेल नीट बघा.

हिमालयाचं वेगळं. जानेवारीत लडाखमध्ये चादरवर, म्हणजे गोठलेल्या झांस्कर नदीवरच्या ट्रेकला, जायचं असेल किंवा डिसेंबरात केदारकांठ्याला, तर माझा पक्षपात मी गुंडाळून ठेवतो. उणे वीसमध्ये अल्कलाइन जवळजवळ निकामी होतात. निकेलचे त्यापेक्षा बरे, पण त्यांनाही रात्री स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपावं लागतं. शिवाय चार-पाच मुक्काम वीज नाही, म्हणजे चार्जर शोभेचा. तिथे लिथियमचे दोन संच न्यावेत आणि पैशांकडे बघू नये. अर्धवट उरलेले परतल्यावर आनंदानं रिमोटला घालावेत.

चार्ज होणारे घ्यायचं ठरलंच, तर सेलइतकाच विचार चार्जरचा करा. सेलसोबत फुकट मिळणारा चार्जर बहुधा सेल जोडीनंच चार्ज करतो आणि ठरावीक तासांनी बंद होतो. त्यात एक सेल भरून तापत राहतो आणि दुसरा उपाशी राहतो. जीपीएसमध्ये दोन्ही सेल एकामागे एक जोडलेले असतात. जोडीतला एक बैल दुबळा असला की गाडा त्याच्याच चालीनं चालतो, तसं यंत्र दुबळ्या सेलबरोबर बंद पडतं, दुसऱ्यात कितीही उरलेलं असो. दीड-दोन वर्षांनी 'आता हे सेल टिकत नाहीत' असं वाटू लागतं, तेव्हा बहुतेक वेळा जोडीतला एकच गेलेला असतो. म्हणून प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा किंवा आकडा असलेला चार्जर घ्या. कुठल्या सेलमध्ये किती भरलं ते तो वेगवेगळं दाखवतो आणि कमी घेणारा सेल लगेच ओळखू येतो. असा सेल आधी दोन-तीनदा पूर्ण उतरवून पुन्हा भरून पाहावा, काही वेळा सुधारतो. नाही सुधारला तर तेवढा एक काढून टाकावा आणि उरलेल्याला त्याच वयाचा, तेवढंच घेणारा जोडीदार शोधावा. चार सेल एकदमच घेतले असतील तर तो घरातच सापडतो.