सात मऊ, सात कडक: डेन्मार्क-जर्मनीच्या सीमेवरचं कॉफीचं टेबल

टोंडर आणि ओबेनरो या दोन गावांच्या मधे, जर्मन सीमेपासून गाडीने काही मिनिटांवर, एका खेड्यात जुना क्रो आहे. क्रो म्हणजे डेन्मार्कमधली रस्त्याकाठची सराई. तिथे रविवारी दुपारी ‘सोनरयुस्क काफेबोर’ मांडतात, म्हणजे दक्षिण जटलंडचं कॉफीचं टेबल. हॅम्बुर्गहून मी तिथे मुद्दाम जाते, पाहुणे आले की त्यांनाही नेते. युरोपातली माणसं ‘आपला देश’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं, हे समजून घ्यायला मला याच्याइतकी चांगली जागा सापडलेली नाही. आणि पदार्थही पहिल्या दर्जाचे आहेत.

परंपरा सांगते की टेबलावर सात प्रकारचे मऊ आणि सात प्रकारचे कडक केक हवेत. इथे ते खरोखर असतात. सुरुवात गरम बोलरने, म्हणजे साध्या गोडसर पावांनी, वर जाड लोणी. मग क्रिंगल, मग क्रीमचे थर दिलेले केक, आणि शेवटी कोरड्या बिस्किटांची ताटं. हा क्रम पाळायचा असतो. सगळं थोडं थोडं चाखायचं, कुठलंही ताट न चाखता पुढे सरकवायचं नाही. कॉफी साधी, काळी, फिल्टरची. कप रिकामा दिसला की भरतात.

यातला राजा म्हणजे ब्रोटोर्टे. राय या धान्याच्या काळ्या पावाचा वाळवलेला चुरा, अंडी, साखर आणि हेझलनट यांचा हा केक. थरांमध्ये ब्लॅककरंटचा आंबट जॅम आणि फेटलेलं क्रीम. शिळ्या पावापासून इतकी देखणी वस्तू होते, यावर पहिल्या घासाला विश्वास बसत नाही. रायचा किंचित आंबूसपणा गोडाला कह्यात ठेवतो. इथला ब्रोटोर्टे ओलसर असतो, पण बसकट होत नाही, आणि जॅममध्ये हात आखडलेला नसतो. कडक प्रकारांत गोदेरोड घ्याच: लोखंडी साच्यात भाजलेल्या, कागदासारख्या पातळ कुरकुरीत चकत्या. क्लायनर तर आपल्या शंकरपाळ्यांची थोरली बहीण. चौकटीला मधे चीर देऊन एक टोक त्यातून ओढून घेतात आणि तळतात.

आता हे टेबल आलं कुठून ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय चौदा प्रकारांचा अट्टहास कळत नाही. 1864 च्या युद्धात डेन्मार्क प्रशिया आणि ऑस्ट्रियाकडून हरला आणि श्लेस्विगचा, म्हणजे या सीमाभागाचा, जवळजवळ सगळा प्रांत गेला. सीमेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्या डॅनिश लोकांना एकत्र जमायला जागा मिळेना. सराईवाल्याने सभेला खोली दिली तर दारूचा परवाना जायची भीती. म्हणून लोकांनी स्वतःची सभागृहं बांधली आणि प्रशियन अधिकाऱ्यांनी त्यांना दारूचा परवाना नाकारला. मग सभांना कॉफी आली. कॉफीबरोबर घरोघरच्या बायका केक घेऊन येऊ लागल्या, आणि कुणाचा जास्त चांगला यावरून चढाओढ लागली. भाषणं, गाणी आणि केक यांवर एका समाजाने 56 वर्षं काढली. पहिल्या महायुद्धात याच घरांतली मुलं जर्मन गणवेशात लढली, 5,000 हून अधिक परत आली नाहीत.

डॅनिश राष्ट्रभावनेचा सारा पोत मला या टेबलावर दिसतो. ती घरगुती आहे. लोकांसाठीची पहिली निवासी शाळा, ग्रुंडविग या डॅनिश धर्मोपदेशक-विचारवंताच्या कल्पनांतून आलेली, 1844 मध्ये याच भागात रोडिंगला सुरू झाली. 1864 नंतर ती सीमेपलीकडे आस्कोवला हलवावी लागली. हरलेल्या देशाने आपलं राष्ट्र शाळेत, गाण्यांत आणि स्वयंपाकघरात बांधलं. म्हणून डेन्मार्कमध्ये लाल-पांढरा झेंडा वाढदिवसाच्या केकवर असतो, ख्रिसमसच्या झाडावर माळेत असतो. इथेही शेजारच्या टेबलावर एका आजीबाईंचा वाढदिवस होता, तर ताटाताटांमध्ये कागदी झेंडे खोचलेले. त्यात आक्रमक काही नसतं. आपण दारात रांगोळी काढतो तितक्या सहज ते झेंडे लावतात.

हॅम्बुर्गमध्ये मी असं कुणाच्या वाढदिवसाला पाहिलेलं नाही. माझे जर्मन सहकारी आपल्या देशावर प्रेम करत नाहीत असं अजिबात नाही, पण झेंडा हातात घेताना त्यांचा हात थबकतो. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात गाड्यांवर काळे-लाल-सोनेरी झेंडे फडकले, तेव्हा त्याचीच किती चर्चा झाली, हे ते आजही सांगतात. नाझी राजवटीनंतर जर्मनांनी आपला अभिमान 1949 च्या राज्यघटनेशी बांधला. राज्यशास्त्रज्ञ डोल्फ स्टर्नबर्गरने 1979 मध्ये त्याला संविधाननिष्ठ देशभक्ती म्हटलं आणि तत्त्वज्ञ हाबरमासने ती कल्पना सर्वदूर नेली. दोन शेजारी देश, एकच सीमा, पण एकाची राष्ट्रभावना स्वतःच्या अपराधाच्या जाणिवेतून घडली आणि दुसऱ्याची हरलेल्याच्या जिद्दीतून.

मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्या सीमेवर पुढे जे झालं ते. 1920 मध्ये इथे सार्वमत झालं. उत्तरेकडच्या पहिल्या विभागात 10 फेब्रुवारीला सुमारे 75 टक्के लोकांनी डेन्मार्कला मत दिलं. दुसऱ्या विभागात, ज्यात फ्लेन्सबुर्ग होतं, 14 मार्चला सुमारे 80 टक्क्यांनी जर्मनीला. पहिल्या विभागाची मोजणी एकगठ्ठा होती. त्यामुळे टोंडर शहराने बहुमताने जर्मनी मागूनही ते डेन्मार्कमध्ये गेलं.

मी बेळगावची. घटक कोणता धरायचा, हा प्रश्न आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकला: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकेच्छा. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. गोव्याला 1967 मध्ये निदान जनमत कौल मिळाला. आम्हाला तो थेट प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्यामुळे टोंडरची हकीकत मी वाचली ती परक्याची म्हणून वाचली नाही. टोंडरच्या जर्मन घरांना काय वाटलं असेल, ते मला सांगावं लागत नाही.

पण इथे गाडं पुढे सरकलं. 1955 मध्ये बॉन आणि कोपनहेगन इथून दोन घोषणा निघाल्या. त्यांचं सार असं की डॅनिश म्हणवून घेणं किंवा जर्मन म्हणवून घेणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे, आणि सरकारी अधिकाऱ्याने ते नाकारायचंही नाही, तपासायचंही नाही. आडनाव विचारायचं नाही, घरात कुठली भाषा बोलता हेही नाही. फ्लेन्सबुर्गमध्ये आज डॅनिश शाळा आहेत, डॅनिश ग्रंथालय आहे, 1869 पासूनचं डॅनिश वर्तमानपत्र आहे. डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला निवडून यायला किमान पाच टक्के मतांची अट नाही आणि 2021 मध्ये त्यांचा एक खासदार बुंडेस्टागात, म्हणजे जर्मन संसदेतही पोचला. इकडे ओबेनरो-टोंडर भागात जर्मन शाळा आहेत. माझ्याबरोबर आलेली सहकारी फ्लेन्सबुर्गच्या डॅनिश शाळेत शिकली. तिचा पासपोर्ट जर्मन आहे, आणि तिच्या आईच्या बाजूचं सगळं घर जर्मन बोलतं. ती स्वतःला डॅनिश म्हणते. तिला कुणी पुरावा मागत नाही.

बाहेरून आलेल्यांना मात्र दोन्हीकडे पुरावा द्यावा लागतो, आणि तोही वेगवेगळा. जर्मन नागरिकत्वाच्या चाचणीत मला 33 प्रश्न होते, 17 बरोबर हवेत, आणि लेखी निष्ठा द्यायची ती राज्यघटनेच्या लोकशाही चौकटीशी. डेन्मार्कमध्ये 45 पैकी 36 बरोबर हवेत, डॅनिश मूल्यांवरच्या पाच प्रश्नांपैकी चार बरोबर हवेत, आणि 2019 पासून समारंभात हस्तांदोलन सक्तीचं आहे. केकवर झेंडा लावणारी ऊब फार खरी आहे, पण आत यायचं दार अरुंद आहे, हेही खरं. वर्षानुवर्षं तिथे राहून कर भरणाऱ्या माणसाला आपलं म्हणायला इतका वेळ लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता व्यवहाराचं. माणशी खर्च साधारण 200 क्रोनर, आणि त्यात कॉफी हवी तेवढी. शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं: अंडं जवळपास सगळ्यात असतं, काही जुन्या पद्धतीच्या बिस्किटांत डुकराची चरबी असते, काही क्रीममध्ये जिलेटिन. विचारलं की न चिडता ताटागणिक सांगतात. दोन तास राखून ठेवा. मधे उठून फेरी मारली तरी कुणी ताट उचलत नाही. सकाळी ड्युब्बोलची पवनचक्की आणि 18 एप्रिल 1864 ची रणभूमी पाहून इथे आलात तर फार उत्तम. हॅम्बुर्गहून रेल्वेने फ्लेन्सबुर्ग गाठता येतं, पुढे गाडी हवीच. जाताना पासपोर्ट जवळ ठेवा, 2016 पासून डॅनिश बाजूला तपासणी परत सुरू आहे. टेबल आधी फोन करूनच ठेवावं लागतं, आणि फोनवर डॅनिश बोला किंवा जर्मन, मालकीणबाई त्याच भाषेत उत्तर देतात.