एसक्यूलाइटची ‘डॉट रिकव्हर’: फुकटच्या मानाने चोख

आमच्या दूध डेअरीचा सगळा हिशेब एसक्यूलाइट या फुकट डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एका फाइलीत. पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएस आधीच मेलेला. मशीन चालू केलं तर ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’, म्हणजे फाइल बिघडली. पोटात गोळाच आला!

आधी मूळ फाइल कॉपी केली, सोबतची वॉल फाइलसुद्धा (कचरा समजून उडवू नका, ताज्या नोंदी तिच्यातच असतात). मग डॉट रिकव्हर, बिघडलेल्या फाइलीतून नोंदी बाहेर काढणारी एसक्यूलाइटची कमांड. २०१९ पासूनची सोय. निघालेलं एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा) नव्या फाइलीत ओतलं. बहुतेक नोंदी आल्या, पण कुठल्या टेबलातल्या ते न कळलेल्या बेवारस ओळी ‘लॉस्ट अँड फाउंड’ टेबलात, कॉलमांची नावं सी०, सी१. फॅट कुठलं, लिटर कुठले, वहीशी ताडण्यात दोन रात्री गेल्या. शिवाय कधी डिलीट केलेल्या नोंदीही जिवंत होतात, त्या वेचून काढा.