शाळेची शिट्टी की अकॅडमीचं स्टॉपवॉच?

बी.पी.एड.च्या, म्हणजे खेळाच्या शिक्षकाच्या कोर्सच्या, शेवटच्या सेमिस्टरला पोरांचा प्रश्न ठरलेला: शाळेत लागायचं की पोलीस भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी काढायची? यंदा तो पुतण्याने विचारला. त्याच्या खोलीतल्या चौघांपैकी तिघं अकॅडमीच्या बाजूचे. "शाळेत पीटीच्या सरांना विचारतंय कोण, काका?" म्हणे. तालमीतल्या वस्तादाच्या पाया पडणारं आणि पेठेच्या फुटबॉल टीमसाठी वर्षभर भांडणारं हे कोल्हापूर, पण खेळ शिकवणारा तोच माणूस शाळेत गेला की नुसता 'पीटीचा मास्तर'. पोरांचा दोष नाही, त्यांनी शाळेत जे पाहिलं तेच बोलतात. त्यातले निम्मे तर दुसरं काही जमेना म्हणून या कोर्सला आलेत, हेही खरं.

मी दोन्ही केलंय. आधी तीन वर्षं एका मित्राबरोबर अकॅडमी, आता शाळा.

अकॅडमीत रग आहे. पहाटे पाचला पन्नास पोरं शिवारातनं, खेड्यातनं येऊन उभी राहतात. हाजिरी घ्यावी लागत नाही की शिस्त लावावी लागत नाही. पोलीस भरतीचं मैदान पन्नास गुणांचं. पोरांना सोळाशे आणि शंभर मीटर, पोरींना आठशे आणि शंभर, शिवाय दोघांनाही गोळा. पोरगं पळण्यात दहा सेकंद खाली आलं की त्याच्यापेक्षा आपणच जास्त नाचतो. पैसाही चांगला, पण जाहिरात निघाली तर. ती लांबली की मैदान ओस, आणि जूनपासून कोल्हापूरचा पाऊस आहेच. चिखलात कोण गोळा फेकणार?

शाळेचं रडगाणं वेगळं. आधी शिरणंच अवघड. नोकरीसाठी द्यावी लागते ती शिक्षक अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. तेवढ्यात पोराचं लग्नाचं वय निघून जातं. सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरनं लागलात तरी तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला मानधन महिना अठरा हजार (२०२३ च्या आधी आठच होतं, म्हणजे आम्ही नशीबवान म्हणायचे). सहावी ते आठवीला तर शिक्षण हक्क कायद्यातच खेळासाठी अर्धवेळ निदेशक लिहिलेत, तेही शंभराच्या वर पट असेल तर. आणि लागल्यावर? "सर, पोर्शन राहिलाय, आजचा तुमचा तास देता का?" प्रभातफेरी, स्पर्धेच्या ऑनलाइन एंट्र्या, दहावीच्या खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव, सगळं आपल्याच गळ्यात.

एवढं असूनही मी शाळेत आलो, त्याचं कारण तसं किरकोळ आहे. फीची वही.

अकॅडमीत ती वही माझ्याकडे होती. दर महिन्याच्या पाच तारखेनंतर संध्याकाळी फोन लावत बसायचं. "सर, ऊसबिल आलं की देतो." त्यातलाच एक पोरगा, कागलकडचा, दोन महिने थकला आणि यायचाच बंद झाला. पळायला आमच्यातला सगळ्यात चांगला. एकदा रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी दिसला. मी हात वर केला. त्यानं हातातली भेळ तशीच गाडीवर ठेवली आणि गर्दीत घुसला. ज्याला मी पळायला शिकवलं, तो मला बघून पळाला. नंतर मित्राला म्हटलं, वही तू घे. तो म्हणाला, अकॅडमी म्हणजे वहीच की रे. याच गावात १९५२ ला पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला धाडायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी सात हजारांसाठी घर गहाण टाकलं होतं. माझी तेवढी ऐपत नाही, पण निदान पोरांनी मला बघून तोंड तरी लपवू नये.

शाळेत माझ्याकडे पोरगं येतं ते फक्त खेळायला. आणि अकॅडमीत जे कधीच फिरकलं नसतं तेही येतं. नववीतला एक जाडसर मुलगा तासाला कायम पोटात दुखतंय सांगून पायरीवर बसायचा. त्याला कबड्डीचा पंच केला. महिनाभरानं तोच म्हणाला, "सर, आज मी चढाईला जाऊ?" पहिल्याच चढाईत बाद झाला, तरी मातीचे गुडघे घेऊन हसत बाहेर आला.

पुतण्याला एवढंच सांगितलं की घरी चार एकर ऊस असेल, एखादा हंगाम कोरडा गेला तरी चूल पेटणार असेल आणि पैसे मागायला जीभ जड होत नसेल, तर अकॅडमी वाईट नाही. माझ्यासारखा असशील तर चाचणीचा अभ्यास आजच काढ.

मे महिन्याच्या सुट्टीत मित्र बोलावतो, मी जातो अजून. पहाटे स्टॉपवॉच धरतो. वहीला हात लावत नाही.