इंग्रजीसाठी शब्दकोश घ्यावा की समानार्थी कोश?

आर्णी तालुक्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने 'रन' या शब्दाचे अर्थ शोधताना विचारले की, इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्यावा की इंग्रजी समानार्थी कोश? पैसे एकाच पुस्तकापुरते असल्याने दोन्हींची पारख याच शब्दावर करू.

अर्थ समजण्याच्या बाबतीत शब्दकोश निःसंशय सरस आहे. विहिरीवरचा पंप चालतो, पावसाळ्यात नाला वाहतो, धुताना नव्या लुगड्याचा रंग जातो, कोणी निवडणुकीला उभा राहतो; या सर्व ठिकाणी इंग्रजीत 'रन' चालते, आणि उदाहरणवाक्ये देणारा शब्दकोश हे भेद एकेक करून उलगडतो. समानार्थी कोश 'फ्लो', 'ऑपरेट', 'स्प्रिंट' हे शब्द गटागटाने देतो; परंतु नाल्याला 'फ्लो' शोभतो आणि 'ऑपरेट' शोभत नाही, हे वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते. ब्रिटिश डॉक्टर पीटर रॉजे यांच्या १८५२च्या प्रसिद्ध इंग्रजी समानार्थी कोशाची रचनाही वर्णानुक्रमाने नव्हे, तर कल्पनांच्या वर्गवारीने केलेली होती.

श्रमाचे गणित उलटे आहे. शब्दकोशातील लांब नोंद वाचायला चिकाटी लागते, तर चार पर्यायांतून समानार्थी शब्द निवडण्याचा सराव दुसऱ्या कोशातून झटपट होतो. टिकाऊपणासाठी मात्र शिवलेल्या बांधणीची प्रत पाहावी.

मराठी माध्यमातून आलेल्या आणि वाक्याचा अर्थ लावताना अडणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दकोशच घ्यावा. इंग्रजी वाचन सुरळीत असून निबंधात तोच तो शब्द टाळायचा असेल, त्याला समानार्थी कोश अधिक उपयोगी पडेल.